टोण्याचं तोंड

“मॅडम, रेडकाचे कान आडवे असतात की उभे?” टिपुगडेंनी स्क्रीनवरची नजर न काढता मला विचारलं.

“मला काय विचारता? मी काय गोठ्यात राहते?”

“तसं नव्हे ओ. तुम्ही गावाकडच्या, म्हणून विचारलं.”

“आणि तुम्ही गंगावेशीतले. दूधकट्टा तुमच्या दारात. रोज धारोष्ण दूध पिता आणि म्हशीचे कान माहीत नाहीत?”

“दूध पिताना कानाकडं कोण बघतंय?” असं म्हणत त्यांनी कान आडवे काढले. बरोबर काढले. मुळात त्यांना ते माहीत होतंच. मला बोलतं करायला ते असलं काहीबाही विचारायचे, हे मला तेव्हाही कळत होतं. मी उगाच चिडल्याचं सोंग करायचे, हे त्यांनाही कळत असावं.

ही गोष्ट सीडीच्या जमान्यातली. कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत, वह्या-पुस्तकांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. बेनाडीकर सरांनी चांगली नोकरी सोडून कंपनी काढली होती आणि आम्ही लहान मुलांसाठी चित्रं काढायचं एक मराठी सॉफ्टवेअर बनवत होतो. नाव ‘रेघोट्या’. प्रोग्रॅमिंग माझं, चित्रं टिपुगडेंची, आणि लोकांशी गोड बोलायचं काम सरांकडे. ह्या सॉफ्टवेअरमधलं चित्र ठिपक्यांचं नसायचं, रेषांचं असायचं. थोडे बिंदू द्यायचे आणि ते ओढून रेषेला हवा तसा बाक आणायचा. असं चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं करा नाहीतर भिंतीएवढं, त्याची कड कुठं फाटत नाही. हे वाक्य सर भेटेल त्या मुख्याध्यापकाला ऐकवायचे.

सॉफ्टवेअर उघडलं की मुलांच्या स्वागताला पडद्यावर कुणीतरी हवं होतं. सरांच्या मनात पोपट होता. टिपुगडे म्हणाले, रेडकू.

“म्हशीचं पिल्लू?” सर हबकले. “अहो, पुण्याचे लोक हसतील.”

“हसायलाच ठेवायचंय की सर.”

“पोपट गोड दिसतो.”

“पोपट शिकवलेलंच बोलतोय. रेडकू बघा, सोडलं की कुठं उधळेल ह्याचा नेम नाही. चित्र काढणारं पोरगं तसंच असतंय.”

कोल्हापूरच्या माणसापुढे म्हशीची बाजू घेतली की तो फार वेळ ताणून धरू शकत नाही. दिवाळीत म्हशींची शिंगं रंगवून त्यांना मिरवणारं गाव आमचं. सर विरघळले. शेपटीच्या गोंड्याचा कुंचला, नुकत्याच फुटलेल्या एका शिंगावर सांडलेला निळा रंग, पुढचे पाय एकमेकांत अडकलेले, असं ते रेडकू हळूहळू उभं राहिलं. टिपुगडेंनी त्याचं नाव टोण्या ठेवलं. फक्त तोंड व्हायचं राहिलं होतं, आणि त्या तोंडापाशी टिपुगडे अडून बसले होते. काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे.

“तुम्ही माझा आरसा का वापरत नाही?” मी एकदा न राहवून विचारलं.

आरसा ही मी लिहिलेली कमांड. तिच्यासाठी मी फार खपले होते आणि मला तिचा गर्वही होता. अर्धंच चित्र काढायचं, ‘आरसा’ दाबायचं, की दुसरी बाजू हुबेहूब तशीच येऊन जोडली जायची. फुलपाखरू, मडकं, घर, चेहरा, काहीही.

“अर्धं तोंड काढा, उरलेलं आपोआप येईल,” मी म्हटलं. “निम्मा वेळ वाचेल तुमचा.”

“वाचलेल्या वेळेचं काय करू? तुम्ही तर बोलतच नाही.”

“टिपुगडे.”

“नाही ओ, खरंच. दोन्ही बाजू सेम टू सेम आल्या की ते देवळातल्या मुखवट्यागत दिसतंय. पाया पडावंसं वाटतं, खेळावंसं नाही वाटत.” मग माझं तोंड पडलेलं बघून म्हणाले, “आरसा चांगला आहे तुमचा. पण ते ‘मागे’ बटण आधी नीट करा. फाइल बंद करून उघडली की सगळं विसरतंय तुमचं सॉफ्टवेअर.”

‘मागे’ दाबलं की केलेलं शेवटचं काम पुसलं जायचं, पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचं. पण फाइल उघडी असेल तोवरच. एकदा बंद केली की मागे जाण्याचा रस्ता संपला. ते मीच तसं लिहिलं होतं.

“शाळांचे कॉम्प्युटर जुनेपाने,” मी म्हटलं. “केलेलं सगळं जपून ठेवायला त्यांच्यात जागा कुठं असते? फाइल उघडी आहे तोवर लक्षात राहतं, पुष्कळ झालं.”

त्यात सरांचा आणखी एक नियम होता. एका चित्राची एकच फाइल ठेवायची, दुसरी प्रत करायची नाही. पूर्वी एकदा दोन प्रतींच्या घोळात चुकीचं चित्र छापून गेलं होतं, तेव्हापासून सरांनी प्रतींचा धसका घेतला होता. आणि टोण्या कागदावर नाही, ‘रेघोट्या’तच काढायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला तसं सांगता येईल, असंही त्यांनी बजावलं होतं.

आता माझ्या चेहऱ्याबद्दल सांगायला हवं. लहानपणी मी मोठ्या तापातून उठले तेव्हा माझ्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडलेली होती. औषधपाण्यानं ती पुष्कळशी सुधारली. गप्प बसले तर कुणाला काही कळत नाही. हसले की कळतं. उजवी बाजू हसते आणि डावी नुसती बघत बसते. म्हणून मी हसायचे नाही, आणि हसू आलंच तर तोंडावर हात धरायचे. आई फोटोच्या वेळी ‘तोंड मीट गं’ म्हणायची, त्यामुळे घरातल्या सगळ्या फोटोंत मी कुणाच्यातरी तेराव्याला आल्यासारखी उभी आहे. बघायला आलेल्या एका बाईंनी ‘मुलगी अभ्यासू वाटते’ असा शेरा दिला होता. ऑफिसात ह्या विषयावर कुणी कधी बोललं नाही. टिपुगडे काहीतरी विनोद करायचे, माझा हात तोंडावर जायचा, आणि तेवढा वेळ ते दुसरीकडे बघायचे. असं मला वाटायचं.

एका दुपारी मी डबा धुऊन आले, तर टोण्याचं तोंड झालं होतं.

ओठाचा उजवा कोपरा खुशीत वर चढलेला. डावा जागच्या जागी. एका बाजूला डोळ्यापर्यंत हसू आणि दुसऱ्या बाजूला जरा आश्चर्य, हे काय चाललंय असं. मी डब्याचं पाणी फरशीवर ठिबकू देत उभी राहिले.

“कसं वाटतंय?” टिपुगडेंनी विचारलं.

“दात नाहीत त्याला.”

“यायचेत अजून.”

हा माणूस आपली थट्टा करतोय, हे पहिल्यांदा मनात आलं. पण थट्टा करणारा माणूस निकालाची वाट बघत असल्यासारखा तुमच्या तोंडाकडे बघत नाही, हेही लगेच मनात आलं. कुठलं खरं धरावं कळेना, म्हणून मी जाऊन माझ्या कामाला लागले. रेडकू आहे, रेडकासारखं हसणार, असं स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी सरांनी ते बघितलं. “तोंड वाकडं झालंय हो टिपुगडे.”

“खोडकर आहे सर तो.”

सरांनी स्क्रीनकडे बघितलं, मग चुकून माझ्याकडे, आणि घाईघाईनं परत स्क्रीनकडे. “बघा बुवा. उद्या शाळेत दाखवायचंच आहे. पोरांना रुचलं तर ठेवा, नाहीतर सरळ करा. परवा सकाळी मी मास्टर सीडी घेऊन पुण्याला निघणार. एकदा छापायला गेलं की ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही.”

शाळा पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गावात होती. चित्रकला शिकवणाऱ्या आरगे बाईंकडेच कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली असायची. आम्ही पोचलो तर त्या खोलीत बसतील त्याच्या दुप्पट मुलं कोंबलेली होती. टिपुगडेंनी सॉफ्टवेअर सुरू केलं आणि स्क्रीन काळा झाला. मॉनिटरची वायर सैल होती. ती मी मागून दोन्ही हातांनी दाबून धरली आणि तशीच वाकून उभी राहिले.

टोण्या उड्या मारत आला, स्वतःच्याच पायांत अडखळून आपटला, उठला, शेपटीनं आकाशात एक निळी रेघ ओढली आणि मुलांकडे बघून हसला. मुलं खिदळली. ती हसताना बघून मलाही हसू फुटलं, अगदी मोकळं. हात रिकामा नव्हता.

पुढे बसलेल्या एका मुलीनं माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, आणि आनंदानं किंचाळली, “बाई! टोण्या ह्या मॅडमगत हसतोय बगा!”

सगळी मुलं माझ्याकडे वळली.

“ए, गप!” आरगे बाई ओरडल्या. “मोठ्या माणसांना असं बोलत्यात व्हय?”

पण तोवर मुलांना नवा खेळ सापडला होता. जो तो तोंडाचा एकच कोपरा वर ओढायला बघत होता. “मला बी येतंय!” “तुझं दोन्हीकडनं हलायलंय, तसं न्हवं!” एक मुलगी तर थेट माझ्यापाशी आली. “मॅडम, डावीकडचं कसं धरून ठिवायचं ओ?”

“सवयीनं,” मी म्हटलं.

ती परत जागेवर जाऊन सवय करायला लागली. बाई पुन्हा पुन्हा माझी माफी मागत होत्या. सर खोकत होते. आणि टिपुगडे माऊसवर हात ठेवून असे बसले होते, जणू त्यांच्या हातून काहीतरी फुटलंय आणि तुकडे कुठे लपवावेत ते त्यांना कळत नाहीये.

परतताना सर जीपच्या टायरबद्दल बोलत राहिले. टिपुगडे पुढे बसले होते, मला फक्त त्यांची मान दिसत होती. माझ्या घराच्या कोपऱ्यावर गाडी थांबली तेव्हा ते खाली उतरले.

“मॅडम…”

“उद्या बोलू,” मी म्हटलं आणि चालू लागले.

मी रागावले नव्हते. आणखी एक शब्द बोलले असते तर रडू फुटलं असतं, म्हणून तेवढ्यावर आटोपलं. त्यांना ते कसं ऐकू आलं असेल, हे मला फार उशिरा सुचलं.

घरी आई शेंगा फोडत बसली होती. मी भिंतीवरच्या आरशासमोर गेले, वेणीचा लहान आरसा उभा करून त्याची कड नाकावर टेकवली आणि हसले. उजवी बाजू आणि तिचंच प्रतिबिंब, असा पुरा चेहरा समोर आला. माझी कमांड हेच तर करते. दोन्ही कोपरे व्यवस्थित वर. बाई चांगली होती दिसायला. पण माझ्या ओळखीची नव्हती, आणि तिला बघून कुणा पोराला खेळ सुचला असता असं मला वाटलं नाही.

“काय करायलीस गं आरशापुढं?” आईनं विचारलं.

“काही नाही. शाळेत गेलो होतो आज.”

“पोरं हसली होय तुला?”

“हसली नाहीत, आई. माझ्यासारखं हसली.”

आई माझ्याकडे बघत राहिली. “मग त्यात रडायला काय झालं?”

“रडत नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि दाण्यांची मूठ माझ्या हातात दिली.

मी दाणे खात बसले आणि मला कळलं की मला ते तोंड हवंय. प्रत्येक शाळेत, प्रत्येक स्क्रीनवर ते तसंच हसायला हवंय. आणि त्याहून हवं होतं ते हे, की इतके दिवस समोरच्या टेबलावरून कुणीतरी माझं हसू इतक्या बारकाईनं बघत होतं, ते त्या माणसानं थांबवू नये. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी वाक्य पाठ करत गेले. टिपुगडे, ते तोंड आहे तसं राहू द्या. एवढंच. पुढचं काय ते त्यांनी बोलावं.

ऑफिसात टिपुगडे माझ्या आधी आले होते. असं कधी होत नसे.

“मॅडम, आधी हे बघा,” ते म्हणाले. उभेच होते. “मग मला काय बोलायचं ते बोला.”

स्क्रीनवर टोण्या होता. दोन्ही कोपरे वर, दोन्ही गाल सारखे.

“तुमचा आरसा वापरला. लगेच झालं,” ते म्हणाले. “चांगली आहे कमांड.”

माझं वाक्य मला आठवत होतं, पण ज्या तोंडासाठी ते पाठ केलं होतं ते समोर नव्हतं.

“काल जे झालं ना…” त्यांनी शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. “थट्टा नव्हती ओ ती. आईशप्पथ. पोरं असं बोलतील हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं.”

“थट्टा नव्हती, तर काय होतं?” मी विचारलं.

“मला…” ते म्हणाले, आणि जिन्यावर सरांच्या चपला वाजल्या.

“झालं का?” सर दारातूनच बोलले. “गाडी खाली उभी आहे.” मग त्यांनी स्क्रीन बघितला. “वा! हे बघा, आता कसं माणसात आलं रेडकू. सरळ तोंड ते सरळ तोंड.”

टिपुगडेंनी सरांकडे बघितलंही नाही. त्यांनी ‘मागे’ दाबलं. वाकडं हसू परत आलं. ‘पुढे’ दाबलं. सरळ झालं. “दोन्ही आहेत अजून,” ते मला म्हणाले. “फाइल बंद केलेली नाही. तुम्ही म्हणाल ते ठेवतो.”

वाकडं ठेवा म्हणायचं, म्हणजे सरांच्या देखत म्हणायचं की हे तोंड माझं आहे. मला ते आवडलंय. तुम्ही ते बघत राहिलात, हेही आवडलंय. एवढं सगळं, सकाळी सकाळी, खांद्यावरची पर्स अजून काढलेली नसताना, माझ्यासारखीनं कसं म्हणायचं? मग मी मनातल्या मनात एक अतिशहाणा बेत केला. मी ‘सरळ’ म्हणेन, आणि टिपुगडे ऐकणार नाहीत. पोपटाच्या वेळी सरांशी भांडले तसे भांडतील. ‘नाही मॅडम, वाकडंच चांगलं आहे’ असं ठणकावतील. मग मी जरा आढेवेढे घेऊन ‘बरं, राहू द्या’ म्हणेन.

“सरळच बरं दिसतंय,” मी म्हटलं.

ते थांबले. “नक्की?”

“हो.”

“फाइल बंद करू? बंद केली की मग…”

“माहीत आहे मला. मीच लिहिलंय ते.”

हे मी जरा तोऱ्यातच म्हटलं, त्यांना भांडायला निमित्त मिळावं म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. सर घड्याळ बघत होते. टिपुगडेंनी मान हलवली, एखाद्यानं दिलेलं उत्तर नीट ऐकून घ्यावं तशी, आणि फाइल बंद केली.

ते तोंड पुन्हा काढता आलं नसतं असं नाही. काही बिंदू इकडचे तिकडे करायचे होते. पण मी नको म्हटलेलं ते कशाला काढतील, आणि मी नको म्हटलेलं मी कुठल्या तोंडानं मागू?

टोण्या बऱ्यापैकी चालला. लोक ‘गोड आहे’ म्हणाले. पोपट असता तरी हेच म्हणाले असते. टिपुगडे कामात चोख राहिले, फक्त रेडकाचे कान, बैलाचे खूर, कोंबडीचे डोळे ह्यांबद्दल त्यांनी मला विचारणं सोडलं. ‘मॅडम’ची ‘मगदूम मॅडम’ झाली. पुढची सगळी चित्रं, फुलपाखरं, समया, मंदिरं, त्यांनी आरशातून काढली. माझी कमांड कधी नव्हे इतकी वापरली जात होती आणि मला ती डोळ्यांपुढे नकोशी झाली होती.

मी बोलायचं ठरवायचे. रोज ठरवायचे. मग ते नमस्कार केल्यासारखं ‘मगदूम मॅडम’ म्हणायचे आणि माझं अवसान जायचं.

वर्ष संपायच्या आत त्यांना बंगळूरला नोकरी लागली. निरोपाला सरांनी मिसळ मागवली. तिखटानं सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं, तेवढं एक बरं झालं.

“बरंय, मगदूम मॅडम,” ते जिन्यात म्हणाले. “सुरुवातीला तुमचा आरसा मी उगाच टाळत होतो.”

“बरंय,” मी म्हटलं.

पुढे ‘रेघोट्या’ बंद पडलं, सीडीही गेल्या. मी पुण्यात आले. लग्न झालं. नवरा चांगला आहे आणि ह्या गोष्टीत त्याचा काही दोष नाही, म्हणून त्याला मी ह्यात ओढत नाही. टिपुगडे आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर दर दिवाळीला स्वतः काढलेलं एक चित्र टाकतात. पणत्या, आकाशकंदील, दोन्ही बाजू अगदी सारख्या. मी इतरांसारखेच जोडलेले हात पाठवते.

गेल्या हिवाळ्यात मी कोल्हापूरला गेले होते. माझ्या बहिणीचा मुलगा कुलभूषण शिक्षक आहे, त्याची बदली नेमकी त्या पन्हाळ्याच्या वाटेवरच्या शाळेत झालेली. गॅदरिंगच्या आधी शाळा रंगवायचं काम चाललं होतं. मला शाळा बघायची होती, म्हणून तो सकाळी मोटारसायकलवरून घेऊन गेला.

फाटकातून आत गेलो आणि मी उभीच राहिले. समोरच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीचा, टोण्या होता. शिंगावर निळा रंग, शेपटीचा कुंचला, पाय एकमेकांत अडकलेले. आणि उजवा कोपरा वर, डावा जागच्या जागी.

“हे कुणी काढलं?” मी विचारलं.

“टोण्या होय? तुझ्याच कंपनीतला ना हा, मावशी?” कुलभूषण म्हणाला. “जुना आहे लई. आरगे बाई सांगायच्या, तुमचा चित्रकार एका रविवारी स्वतःच रंगाचे डबे घेऊन आला. शाळेनं बोलावलंही नव्हतं. म्हणाला, बंगळूरला चाललोय, जायच्या आधी एवढं काढून जातो.”

मी भिंतीच्या जवळ गेले.

“गंमत ऐक. बाई त्याला म्हणाल्या, अहो, सीडीत तर ह्याचं तोंड सरळ आहे, तुमच्या हातनं वाकडं झालंय. तर तो म्हणाला, ‘बाई, सीडीत चुकलंय. हे बरोबर आहे.’”

भिंतीपाशी पेंटर स्टुलावर चढला होता. त्याच्या हातात काळ्या रंगाचा ब्रश होता.

“रंग उडाला की परत द्या, पण तोंडाला हात लावू नका, असं बजावून गेला म्हणे,” कुलभूषण सांगत होता. “बाई होत्या तोवर ते पाळलं. आता त्या रिटायर झाल्या. हेडमास्तर म्हणतात, शाळेच्या भिंतीवर वाकडं तोंड बरं दिसत नाही, यंदा सरळ करून घ्या.”

“सर,” पेंटरनं वरून विचारलं, “उजवीकडचं बघूनच डावीकडं वर ओढायचं न्हवं?”

“हां, सेम ओढा,” कुलभूषण म्हणाला.

“थांबा,” मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माझा आवाज जरा मोठा आला असावा.

“ते तोंड आहे तसं राहू द्या.”

पेंटरनं एकदा कुलभूषणकडे बघितलं. कुलभूषणनं खांदे उडवले. “मावशी म्हणते तर राहू द्या. हेडमास्तरांना मी सांगतो.”

“बरं,” पेंटर म्हणाला. “तुम्ही म्हणाल तसं.” त्यानं काळा ब्रश ठेवला, दुसरा उचलून निळ्या डब्यात बुडवला आणि शिंग रंगवायला घेतलं. का म्हणून कुणी मला विचारलंसुद्धा नाही.